डिशवॉशरचा आउटलेट पाइप लांबवताना: आधी चढ, मग उतार

डिशवॉशर घ्यायचं ठरलं की घरात चर्चा होते ती कढईचं करपलेलं निघेल का, कुकर मावेल का आणि महिन्याला साबण किती लागेल याची. ठेवायचं कुठे हा प्रश्न मात्र डिलिव्हरीवाले खोकं घेऊन दारात उभे राहिल्यावर सुचतो. आमचंही तसंच झालं. जुळे सोलापुरातला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, सिंकच्या एका बाजूला सिलिंडर आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचं पिंप. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात पिंप हलवायला सासूबाई तयार होणं शक्यच नव्हतं. मग मशीन गेलं मागच्या ड्राय बाल्कनीत, आणि त्याचा दीड मीटरचा आउटलेट पाइप सिंकपर्यंत पोचेना.

बसवायला आलेला मुलगा म्हणाला, जादा पाइप तुम्ही आणून ठेवा, मी पुढच्या आठवड्यात येतो. आम्हाला कुठला धीर! ओळखीच्या प्लंबरला बोलावलं. त्याने बागेच्या हिरव्या पाइपचा तुकडा काढला, मशीनच्या पाइपच्या तोंडावर चढवला आणि वरून तार पिळली. हे टिकेल का, असं विचारल्यावर म्हणाला, "बसतंय की ओ ताई, काय होत नाही." आठ दिवस खरंच काही झालं नाही, कारण रोज साधाच वॉश लावत होतो. नवव्या दिवशी तेलकट कढया होत्या म्हणून 70 अंशांचा प्रोग्रॅम लावला. गरम पाण्याने बागेचा पाइप मऊ पडला, तारेतून निसटला आणि मशीनने आपलं पाणी इमानदारीने स्वयंपाकघरात ओतलं. खाली टोपलीत कडक भाकरी होत्या. महिनाभर कुरकुरीत राहणाऱ्या त्या भाकऱ्यांचा अर्ध्या तासात काला झाला. सासूबाईंच्या तोंडी तो किस्सा अजून आहे.

त्यानंतरचं जोडकाम मी स्वतः केलं. पुढे नणंदेकडे आणि विजापूर रोडला राहणाऱ्या एका मैत्रिणीकडेही केलं. काम तासाभराचं आहे, त्याला प्लंबर असावं लागत नाही. पण नुसता पाइपला पाइप जोडायचा असं समजून हात घातलात तर फसाल. पाइप कुठून किती उंच चढतो आणि मग कुठे उतरतो, हे ठरवण्यातच निम्मं काम आहे. त्यामुळे बाजारात जायच्या आधी पाच मिनिटं मशीनपुढे बसून विचार करा.

मशीन पाणी कसं बाहेर टाकतं

डिशवॉशरचं सांडपाणी आपोआप वाहून जात नाही, तळाशी असलेला पंप ते ढकलतो. हा पंप तीसेक वॅटचा असतो, मिक्सरच्या मोटरीपुढे अगदीच पिल्लू. त्याला दीड मीटर पाइप आणि हातभर उंची धरून बनवलेलं असतं. त्यापुढे तुम्ही जितकी लांबी आणि जितकी वळणं वाढवाल तितका तो दमतो. म्हणून बहुतेक कंपन्या मशीनचा पाइप आणि जोडलेला पाइप मिळून 4 मीटरची मर्यादा घालतात. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत आकडा वेगळा असेल तर तोच खरा माना.

दुसरा आकडा उंचीचा. पाइप जमिनीपासून किमान 40 सेंटिमीटर वर जायला हवा आणि मीटर-सव्वा मीटरच्या वर जाता कामा नये. बऱ्याच पुस्तिकांत ही वरची मर्यादा 100 किंवा 110 सेंटिमीटर लिहिलेली असते. वरची मर्यादा कळायला सोपी आहे, त्यापुढे पंपाला पाणी चढवणं जमत नाही. खालची मर्यादा लोकांना उगीच घातल्यासारखी वाटते, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

सोलापुरात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत. पिंपातलं पाणी काढायला आपण नळी आत सोडतो, दुसऱ्या टोकाने एकदा ओढून घेतो आणि टोक खाली धरतो. मग पिंप रिकामं होईपर्यंत पाणी वाहत राहतं. डिशवॉशरचा पाइप जमिनीलगत नेऊन थेट नहाणीच्या जाळीत खुपसला, तर पंपाने एकदा पाणी ढकलल्यावर हेच होतं. मशीन पुढच्या धुण्यासाठी स्वच्छ पाणी आत घेतं आणि ते तसंच बाहेर ओढलं जातं. मशीन पुन्हा पाणी घेतं, ते पुन्हा जातं. तुम्हाला बाहेरून कळतं ते इतकंच की दोन तासांचा प्रोग्रॅम संपतच नाही, भांडी कोरडी-चिकट निघतात आणि वरची टाकी मात्र रिकामी झालेली असते.

उलटही होतं. सिंक तुंबलं आणि पाइप सिंकच्या नळीला खालच्या खाली जोडलेला असला, तर सिंकचं खरकटं पाणी उलट्या वाटेने मशीनमध्ये शिरतं. धुतलेल्या ताटांत डाळीचं पाणी पाहिल्यावर कोणालाही डिशवॉशर नकोसं होईल.

या दोन्हींवर उपाय एकच, पाइप आधी वर चढवायचा आणि मग उतरवायचा. आणि लांबवलेल्या पाइपच्या बाबतीत हा चढ मशीनच्या अगदी मागेच द्यायचा. हे मी स्वतः चुकून शिकले. पहिल्यांदा मी पाइप जमिनीवरून सरळ सिंकपर्यंत नेला आणि तिथे ओट्याखाली वर चढवला. गळलं काही नाही, पण पंप थांबला की त्या तीन मीटरमध्ये अडकलेलं घाण पाणी घळघळ करत परत मशीनकडे यायचं. सकाळी दार उघडलं की आंबूस वास. पाइप मशीनमागेच 80 सेंटिमीटर वर नेला आणि तिथून सिंककडे हलका उतार दिला, तेव्हा परतणारं पाणी उभ्या तुकड्यात मावेल एवढंच राहिलं. बाकीचं आपल्या वजनाने सिंककडे निघून जातं. वास त्या दिवसापासून गेला.

मोजमाप

सुतळी घ्या. मशीनच्या मागे जिथून पाइप बाहेर येतो तिथे एक टोक धरा, सुतळी भिंतीवरून 80 सेंटिमीटर वर न्या, मग ज्या वाटेने पाइप जाणार त्या वाटेने प्रत्येक कोपऱ्याला गोलाई देत सिंकपर्यंत आणा. आता सुतळी मोजा. टेपने सरळ अंतर मोजलं की माणूस फसतो. आमचं सरळ अंतर 2.4 मीटर होतं, सुतळी भरली 3.2. मशीन साफसफाईला पुढे ओढता यावं म्हणून त्यात वीत-दीड वीत जास्त धरा. मशीनचा दीड मीटर वजा केला की किती आणायचा ते कळतं. आम्हाला 2 मीटरचा जोडपाइप लागला, एकूण साडेतीन.

सुतळी 4 मीटरच्या पुढे गेली तर जोडपाइपाचा विचार सोडा. मशीनची जागा बदला, नाहीतर शेवटी सांगितलेला उभ्या पाइपचा मार्ग घ्या. एकाला एक असे दोन-तीन तुकडे जोडत जाऊ नका, कारण प्रत्येक जोड ही गळण्याची एक जागा असते.

ड्राय बाल्कनीत मशीन ठेवणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. बाल्कनीतली जाळी कुठल्या लाइनला जोडली आहे? पुष्कळ इमारतींत ती पावसाच्या पाण्याची असते आणि खाली अंगणात किंवा रस्त्यावर सुटते. त्यात साबणाचं, तेलाचं पाणी सोडलं तर खालच्या मजल्यावरचे लोक चार दिवसांत वर येतील, आणि त्यांचं बरोबर असेल. सांडपाणी सिंकच्या किंवा मोरीच्या लाइनलाच गेलं पाहिजे.

दुकानात काय मागायचं

"डिशवॉशरचा पाइप द्या" म्हटलं की दुकानदार बुचकळ्यात पडतो. "वॉशिंग मशीनचा आउटलेट एक्स्टेंशन पाइप, जॉइंटर आणि दोन क्लिपांसह" म्हणा. तोच चालतो, फक्त गरम पाण्याला चालणारा आहे ना ते पाकिटावर वाचून घ्या. हा पाइप कंगोऱ्यांचा, घडीच्या नळीसारखा असतो आणि दोन्ही टोकांना गुळगुळीत रबरी किंवा प्लास्टिकची मान असते. ती मान महत्त्वाची आहे. क्लिप मानेवरच बसते. कंगोऱ्यांवर कितीही आवळली तरी खाचेखाचेतून पाणी झिरपतं.

मीटरवर कापून मिळणारा कंगोऱ्यांचा पाइपही असतो. त्यातल्या काहींना ठरावीक अंतरावर गुळगुळीत मान दिलेली असते, तिथेच कापायचा. तशी मान नसेल तर तो गुंडाळा कितीही स्वस्त असू दे, परत ठेवा.

जॉइंटर म्हणजे बोटभर लांबीची प्लास्टिकची नळी, दोन्ही टोकांना कंगोरे आणि मधे पट्टा. मशीनच्या पाइपचं तोंड आतून साधारण 19 ते 22 मिलिमीटर असतं. कॅलिपर घरी कोणाकडे नसतो, पण रुपया असतो. 2011 च्या मालिकेतलं रुपयाचं नाणं 22 मिलिमीटरच्या आसपास भरतं, ते तोंडावर ठेवून अंदाज येतो. नाण्यावरचं साल मात्र वाचा, 2019 नंतरचं त्याहून लहान आहे. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे पाइपच्या तोंडाला शाई किंवा कुंकू लावून कागदावर ठसा घ्यायचा आणि तो कागद दुकानात न्यायचा. मी तेच केलं. दुकानदार आधी हसला आणि मग त्याने ठशावर एकेक जॉइंटर ठेवून बघितला.

नवखे हमखास चुकतात ती गोष्ट अशी की नेमका जॉइंटर मिळाला नाही म्हणून बारीक घेतात आणि त्यावर टेप गुंडाळून जाडी आणतात. बाहेरून घट्ट बसतं, पण आतली वाट अरुंद होते. आपल्या ताटांतून जातं काय ते आठवा: शेंगाचटणीचा कूट, भाकरीचा चुरा, कढीपत्त्याची पानं. मशीनच्या जाळीतून सुटलेलं बारीकसारीक सगळं या जोडात येऊन अडतं. पाइपइतकीच आतली वाट हवी, जाडी-बिडी नंतर. दोन पाइपांची तोंडं वेगळी असतील तर एका बाजूला 19 आणि दुसऱ्या बाजूला 22 असा जॉइंटर मिळतो, तो मागा.

क्लिपा स्टेनलेस स्टीलच्या, स्क्रूने आवळायच्या, 20 ते 32 मिलिमीटरच्या घ्या. जोडाला दोन आणि सिंकला एक लागते, चार आणा. बाकी पेचकस, टॉर्च, प्लास्टिकचे टाय, भिंतीला पाइप धरायच्या खिळ्याच्या क्लिपा आणि एक उथळ परात घरातच निघेल. आणि टॉवेल. सोलापुरात टॉवेलांना तोटा नाही, जुने तीन-चार हाताशी ठेवा.

एम-सील, फेव्हिक्विक, पीव्हीसीचं सोल्युशन यातलं काही आणू नका. ते या मऊ पाइपला धड चिकटत नाही आणि पुढे जोड खोलायची वेळ आली की पाइपच कापावा लागतो.

प्रत्यक्ष काम

मशीन बंद करा आणि प्लग काढूनच ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पाणी आत येणाऱ्या पाइपचा कॉक बंद करा. तो जाड पाइप, ज्याच्या टोकाला पाऊण इंची नट असतो, त्याला हात लावू नका. काही मशीनांत त्याच्या टोकाला चौकोनी डबी असते, तिच्यात गळती थांबवणारी विजेची झडप बसवलेली असते. आउटलेट समजून तो पाइप कोणी कापला तर खर्च मशीनच्या किमतीच्या भाषेत बोलायला लागतो.

मशीन पुढे ओढताना पुढचे पाय थोडे वर फिरवून घ्या म्हणजे फरशीला ओरखडा पडत नाही. खाली जुनी चादर सरकवली की एकट्यानेही हलतं.

आता आउटलेटचं मोकळं टोक परातीत धरा आणि खाली करा. मशीन वापरात असेल तर पेला-दोन पेले, कधी लिटरभर काळपट पाणी येईल. ते येऊ द्या, मगच पुढे जा. मशीनच्या आतलं टोक, म्हणजे पंपाकडचं, उघडायचं नाही. जोड बाहेरच्या टोकालाच द्यायचा आणि मूळ पाइप कापायचाही नाही. वॉरंटीच्या काळात कापलेला पाइप दिसला की पुढचं बोलणं अवघड होतं.

टोकाला वाकडी रबरी मान असेल तर ती तशीच राहू द्या, बहुधा जॉइंटर तिच्यातच बसतो.

पहिली क्लिप आधी पाइपवर सरकवून ठेवा. हे सगळे विसरतात. जॉइंटर खच्चून बसवल्यावर क्लिप हातातच राहते आणि सगळं परत काढावं लागतं. एका वाटीत कडकडीत नव्हे पण चांगलं गरम पाणी घ्या आणि पाइपची मान त्यात मिनिटभर बुडवा. रबर सैल होतं. जॉइंटरच्या कंगोऱ्यांना भांड्याच्या साबणाचं बोट लावा. गोडं तेल लावू नका, तेलाने रबर फुगतं आणि जोड कायमचा निसरडा राहतो. आता जॉइंटर सरळ धरून किंचित गोल फिरवत आत ढकला. पहिला कंगोरा जाताना हाताला जोर लागतो, दुसरा जाताना टुक असा आवाज येतो, आणि मधल्या पट्ट्याला मान टेकली की थांबायचं. पट्टा आणि मान यांत फट दिसत असेल तर अजून आत जायचंय.

क्लिप मानेच्या काठापासून करंगळीच्या नखाइतकी आत घ्या, म्हणजे ती जॉइंटरच्या कंगोऱ्यांवर येते. पेचकसने आवळा. किती? क्लिपच्या कडेने रबर जरासं फुगून वर आलं की पुरे. त्यापुढे जोर लावला तर प्लास्टिकचा जॉइंटर आतून तडकतो, आणि ती तड तुम्हाला दिसत नाही, आठ दिवसांनी जमिनीवर दिसते. पुरुषमंडळींनी इथे जरा हात आखडता घ्यावा. दुसऱ्या बाजूलाही हेच, आणि क्लिपचा स्क्रू तुमच्या बाजूला येईल असा ठेवा. पुढे कधी आवळायचा झाला तर भिंतीकडे तोंड केलेला स्क्रू शिव्या खातो.

वाट आणि आधार

मशीनमागे पाइप सरळ 80 सेंटिमीटरपर्यंत चढवा आणि भिंतीला क्लिपेने धरा. वरच्या वळणाला मोठी गोलाई द्या, डब्याचं झाकण टेकेल एवढी. कंगोऱ्यांचा पाइप वाकतो म्हणून त्याला काटकोनात मोडू नका, आतली कड दबून वाट बंद होते. मशीन परत मागे ढकलताना पाइप मशीन आणि भिंत यांत चेंगरतो, हा तर नेहमीचा प्रकार. ढकलताना टॉर्च मारून बघत राहा.

वळणानंतर पाइप सिंककडे उतरत जाऊ द्या. मीटरला दोन-तीन सेंटिमीटर उतार पुरतो. दर अर्ध्या मीटरला आधार लागतो, नाहीतर पाइप मधे झोळीसारखा लोंबतो, त्या झोळीत पाणी साचतं आणि तेलाचा थर धरतो. जोड या उतारावर, डोळ्यांना दिसेल आणि हात पोचेल अशा जागी यावा. भिंतीच्या आत, कपाटाच्या पाठीमागे बंद, असा कधीच नको. आणि जोडाच्या खाली मशीनचा 16 अँपिअरचा सॉकेट नाही ना, ते बघा. आमच्याकडे नेमका होता. पाइप हातभर बाजूला सरकवला.

भिंतीतून किंवा ट्रॉलीच्या फळीतून पाइप काढायचा असेल तर भोक मानेच्या जाडीपेक्षा मोठं पाडा आणि कडा पॉलिश पेपरने गोल करा. सनमायकाची धारदार कड मशीनच्या थरथरीने पाइप वर्षभरात कुरतडते. शेगडीच्या मागून पाइप नेऊ नका, हे सांगायला नको.

सिंकला जोडताना

सिंकखाली थोडं पाणी धरून गटाराचा वास अडवणारा बाटलीसारखा भाग असतो, तो बॉटल ट्रॅप. बाजूने एक छोटं कंगोऱ्यांचं तोंड असलेला ट्रॅप मिळतो. नसेल तर तसा आणा, बदलायला हातानेच फिरवायचे नट असतात. त्या तोंडावर पाइप चढवून क्लिप लावायची. पण थांबा. नव्या ट्रॅपचं हे तोंड आतून बंद असतं. पातळ प्लास्टिकचा पडदा असतो किंवा बूच असतं. ते कापून वाट मोकळी केल्याशिवाय पाणी जाणारच नाही. मैत्रिणीकडे मी सगळं छान जोडलं, मशीन लावलं आणि पाचव्या मिनिटाला ते अडलं. दोघी पंपाला दोष देत बसलो. तासाभराने ट्रॅप खोलला तर पडदा जसाच्या तसा. कटरने गोल कापा, कडेचे कचरे काढा आणि कापलेली टिकली ट्रॅपमध्ये पडू देऊ नका.

सिंकला न जोडता मोरीत सोडणार असाल तर पाइपच्या टोकाला मशीनसोबत आलेला प्लास्टिकचा आकडा (हूक) लावा आणि टोक जाळीच्या वर बोटभर मोकळं राहील असं बांधा. पाण्यात बुडालेलं टोक नको, जाळीत गच्च खुपसलेलंही नको. टोक मोकळं राहिलं की मोरीचं पाणी उलटं पाइपमध्ये ओढलं जात नाही.

तपासणी

जोडाखाली कोरडं वर्तमानपत्र अंथरा. कापडावर थेंब दिसत नाही, वर्तमानपत्रावर लगेच डाग उमटतो. कॉक उघडा, प्लग लावा, भांडी न घालता सगळ्यात छोटा प्रोग्रॅम सुरू करा. दोन-तीन मिनिटं पाणी आत घेऊ द्या आणि मग प्रोग्रॅम रद्द करा. बऱ्याच मशीनांत स्टार्टचं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की ते असलेलं पाणी बाहेर टाकतं. आता जोडावर हात ठेवा. पाणी जाताना हलकी थरथर लागते, बोटं कोरडी राहायला हवीत.

हे झालं म्हणजे काम झालं असं समजू नका. आमच्या बागेच्या पाइपनेही साध्या वॉशवर आठ दिवस काढले होते. त्याच दिवशी तुम्ही घरात असताना सगळ्यात गरम प्रोग्रॅम लावा आणि शेवटपर्यंत थांबा. गरम पाण्यात रबर मऊ पडतं आणि निवल्यावर क्लिप किंचित सैल होते. दुसऱ्या दिवशी पेचकसने अर्धा आटा आवळला की मग ती हलत नाही.

मशीन मधेच थांबून काही अक्षरं दाखवू लागलं तर घाबरू नका. बॉश आणि सीमेन्सच्या मशीनवर ई 24, एलजीवर ओई, हे पाणी बाहेर जात नसल्याचे इशारे आहेत. नवा जोड दिल्यावर हे आलं तर कंपनीला फोन लावण्याआधी तीन जागा बघा: मशीनमागे चेंगरलेला पाइप, ट्रॅपमधला न कापलेला पडदा, आणि मीटरच्या वर गेलेला चढ. बहुतेक वेळा त्यातच सापडतं. सिंकमधून गुळगुळ आवाज येत असेल तर सिंकची लाइनच तुंबत आलेली आहे, त्यात तुमच्या जोडाचा दोष नाही.

अंतर फारच असेल तर

4 मीटरच्या पुढे अंतर असेल तर मशीनजवळच दीड इंची ड्रेनेजचा जाड पीव्हीसी पाइप उभा करून घ्या आणि तो खालून उताराने मोरीच्या लाइनला न्या. मधे पाण्याचा ट्रॅप हवा, नाहीतर गटाराचा वास वर येतो. हे काम प्लंबरचंच. उभ्या पाइपचं तोंड जमिनीपासून 60 ते 80 सेंटिमीटरवर ठेवायला सांगा. मशीनचा मूळ पाइप त्यात वीतभर सैल सोडायचा, भोवतीची फट बुजवायची नाही. यात मऊ पाइपला जोडच येत नाही. खर्च जास्त, पण घर बांधतानाच किंवा ओटा नव्याने करताना कोणी मला विचारलं तर मी हाच मार्ग सांगते.

आणि ते पाणी बादलीत धरायचं असेल तर

आपल्याकडे हा प्रश्न येतोच. टँकरच्या दिवसांत गटारात जाणारं पाणी बघून जीव कळवळतो, म्हणून काहीजण पाइप लांबवतात तेच मुळी पाणी पिंपात घ्यायला. घ्या, पण झाडांना घालू नका. डिशवॉशरच्या पावडरीत सोडा असतो आणि पाणी मऊ करायला मशीनमध्ये घातलेलं मीठही थोडंफार त्यात उतरतं. कुंडीतली माती त्याने कडक होते, आमच्या गुलाबाने दोन महिन्यांत मान टाकली. संडासात ओतायला, बाल्कनी धुवायला ते उत्तम. साचवून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी आंबतं.

पाइपचा चढ मशीनमागे आहेच, त्यामुळे टोक बादलीच्या काठाला आकड्याने अडकवून चालतं, फक्त ते पाण्यात बुडेल इतकं खाली नको. एका फेरीला साधारण 10 ते 12 लिटर पाणी निघतं, तेही एकदम न येता तीन-चार वेळा थोडंथोडं येतं. त्यामुळे पहिल्यांदा बादली अर्धी भरलेली बघून आपण निर्धास्त होतो आणि झोपायला जातो. 15 लिटरची बादलीही बरीच वर भरत येते. 20 लिटरची ठेवा, आणि प्रोग्रॅम लावायच्या आधी कालचं पाणी ओतून टाकलंय का ते बघा.